वेशीबाहेर राहिलेले मन

सायंकाळी देवापुढे दिवा लावल्यावर घरातील लहानथोरांनी एकत्र बसून मनाचे श्लोक म्हणावेत, ही महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मनाला समजावणारी, प्रसंगी खडसावणारी आणि पुन्हा मायेने वळणावर आणणारी दोनशे पाच श्लोकांची रचना समर्थ रामदासांनी याच भूमीत केली. रणांगणावर गलितगात्र झालेल्या अर्जुनाच्या विषादापासून ज्याचा आरंभ होतो, तो ग्रंथ हा समाज शिरोधार्य मानतो. शरीराप्रमाणेच मनही रोगाचे अधिष्ठान असते, हे चरकाचार्यांनी सांगितले. उन्माद आणि अपस्मार यांची स्वतंत्र चिकित्सा लिहिली आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरणाऱ्या उपचाराला ‘सत्त्वावजय’ हे नाव दिले. मनाचा इतका सूक्ष्म विचार ज्या परंपरेने केला, त्याच परंपरेच्या वारसदारांच्या तोंडी आज ‘येरवडा’ आणि ‘ठाणे’ ही गावांची नावे चेष्टेचे शब्द म्हणून रुळली आहेत. घरात कुणाला ताप आला, तर शेजारीपाजारी विचारपूस करण्यास येतात. कुणाचे मन आजारी पडले, तर घराचे दार आतून बंद होते. वेशीच्या आत जन्मलेला, वाढलेला माणूस त्या दिवसापासून वेशीबाहेरचा ठरतो.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. देशभरात सुमारे १५ कोटी लोकांना उपचारांची गरज आहे, असा त्याचा अर्थ होता. त्याहून गंभीर बाब पुढेच आहे. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र आजारांतही ७३.६ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते, तर नैराश्य, चिंता यांसारख्या सामान्य आजारांत हे प्रमाण ८५ टक्के होते. म्हणजे चारांतील तीन तीव्र रुग्ण कुठे तरी घराच्या मागल्या खोलीत, गोठ्याशेजारी, देवळाच्या ओवरीत किंवा एस. टी. स्थानकावर दिवस काढत होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, २२ हजार ७४६ आत्महत्या महाराष्ट्रातील होत्या. संतांची, समाजसुधारकांची आणि सहकाराची भूमी म्हणून मिरवणाऱ्या राज्याला ही संख्या मान खाली घालावयास लावणारी आहे.

असे आकडे प्रसिद्ध झाले की एक ठरावीक मागणी पुढे येते : मनोविकारतज्ज्ञ वाढवा, मनोरुग्णालये वाढवा. मागणी चुकीची नाही. परंतु केवळ त्या वाटेने प्रश्न सुटणारा नाही, हे साधा हिशेब सांगतो. देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही पुरता नाही आणि जे आहेत, त्यांतील बहुसंख्य मोठ्या शहरांत आहेत. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये दीर्घकाळ साऱ्या राज्याचा भार वाहत आली. धडगावच्या पाड्यावरील किंवा सिरोंच्याच्या टोकावरील कुटुंबाने रुग्णाला धरून-बांधून तेथवर न्यावे आणि दर महिन्याच्या गोळ्यांसाठी पुन्हा तेवढाच प्रवास करावा, ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे. मजुरी बुडते, भाडे परवडत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर औषध थांबते आणि आजार पुन्हा उसळतो. मग ‘औषधांचा गुण येत नाही’ असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः औषधाचा गुण आला होता. औषधच पुढे आले नव्हते.

भिंतींआड कोंडण्याची ही पद्धत या देशाची नव्हे. ती वसाहतकाळाची देणगी आहे. १९१२ च्या कायद्याचे नावच ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ होते आणि उपचारांपेक्षा बंदिवासाची व्यवस्था हा त्याचा गाभा होता. १९४६ मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम १० हजार खाटा होत्या. चाळीस हजार लोकांमागे एक. त्या समितीने मनोरुग्णालयांच्या दुरवस्थेवर कठोर बोट ठेवले. तथापि स्वातंत्र्यानंतरही बराच काळ मानसिक आरोग्य म्हणजे उंच भिंतींची इमारत, हेच समीकरण कायम राहिले.

त्या भिंतींना पहिले खिंडार पाडले ते एका भारतीय डॉक्टरने, आणि तेही कोणत्याही परकीय सिद्धान्ताची वाट न पाहता. फाळणीनंतर लाहोरच्या मनोरुग्णालयातील शेकडो हिंदू आणि शीख रुग्णांना १९५० मध्ये सीमेपलीकडून अमृतसरला आणण्यात आले. गर्दीने ओसंडलेल्या त्या रुग्णालयाची धुरा पुढे डॉ. विद्यासागर यांच्याकडे आली. अपुरी जागा आणि अपुरे कर्मचारी या अडचणीतून त्यांनी एक वाट काढली. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून त्यांनी रुग्णांच्या नातलगांना तेथे राहण्यास बोलावले. आई, भाऊ, पत्नी रुग्णाची शुश्रूषा करू लागले. डॉक्टर त्यांना एकत्र बसवून आजाराची माहिती सांगू लागले. रुग्ण लवकर घरी परतू लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परतणारे कुटुंब आजाराची भीती सोडून घरी जाऊ लागले. पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत नातलगांना दाराबाहेर ठेवण्याचा प्रघात असताना अमृतसरने कुटुंबालाच उपचाराचा भागीदार केले. आज जगभर कुटुंबाच्या सहभागाविषयी जे बोलले जाते, त्याचा एक आद्य प्रयोग पंजाबच्या त्या तंबूंत झाला.

पुढची पायरीही याच देशात घातली गेली. १९७५ च्या सुमारास बंगळुरूजवळच्या सकलवारा येथे ‘निम्हान्स’ने आणि हरियाणातील रायपूर राणी येथे चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने एक प्रश्न हाती घेतला. गावातील आरोग्य कर्मचारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील सामान्य डॉक्टर अल्प प्रशिक्षणानंतर मनोरुग्ण ओळखू शकतील का, मोजक्या औषधांनी त्यांच्यावर उपचार करू शकतील का? रायपूर राणीचा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेच्या सात देशांतील अभ्यासाचा भाग होता. दोन्ही ठिकाणी उत्तर आले : होय, करू शकतील.

सप्टेंबर १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे प्राथमिक आरोग्य सेवेचा प्रसिद्ध जाहीरनामा स्वीकारला गेला, तेव्हा भारतातील हे काम तीन वर्षांचे झाले होते. त्या जाहीरनाम्याने आरोग्याची व्याख्या करताना शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य असा शब्दप्रयोग केला; परंतु प्राथमिक सेवेचे जे आठ किमान घटक सांगितले, त्यांत पोषण, पाणी, लसीकरण, माता-बाल संगोपन, अत्यावश्यक औषधे आदींना स्थान मिळाले आणि मनाचा स्वतंत्र उल्लेख राहून गेला. भारताने ती उणीव चार वर्षांत भरून काढली. ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला. विकसनशील देशांत असे पाऊल उचलणाऱ्या पहिल्या काही देशांत भारताची गणना होते. १९८५ पासून कर्नाटकातील बल्लारी जिल्ह्यात त्याचा नमुना उभा राहिला आणि १९९६ पासून चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज कागदावर तो देशातील सातशेहून अधिक जिल्ह्यांत मंजूर आहे.

इतका उज्ज्वल आरंभ असूनही चारांतील तीन तीव्र रुग्ण उपचारांविना का राहिले? येथे एका मूलभूत भेदाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. प्राथमिक आरोग्य सेवा ही केवळ आरोग्ययंत्रणेची खालची पायरी नव्हे. ती एक दृष्टी आहे. सेवा माणसाच्या घराजवळ असावी, ती सर्वांना समान मिळावी, तिच्यात लोकांचा सहभाग असावा, आरोग्य खात्याबाहेरील शेती, शिक्षण, रोजगार यांच्याशी तिची सांगड असावी आणि तंत्र असे असावे की ते गावाला पेलेल, ही त्या दृष्टीची पाच अंगे. मानसिक आरोग्याच्या बाबतीत यांपैकी फक्त एक अंग, तेही अर्धवट, उचलले गेले. जिल्हा रुग्णालयात एक मनोविकारतज्ज्ञ, एक बाह्यरुग्ण विभाग आणि कधी तरी तालुक्याला शिबिर, एवढ्यावर कार्यक्रम थांबला. गोळी खाली सरकली, पण दृष्टी वरच राहिली. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषध आहे तर प्रशिक्षित डॉक्टर नाही, डॉक्टर आहे तर त्याची बदली झालेली आहे, आणि दोघेही आहेत तर रुग्ण पुन्हा का आला नाही, हे घरी जाऊन विचारणारे कुणी नाही.

या दुर्लक्षाची सर्वांत भीषण किंमत ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे मोजली गेली. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना पळता आले नाही, कारण ते बांधलेले होते. ते बांधलेले होते, कारण त्यांना तेथे आणणाऱ्या कुटुंबांपुढे दुसरा मार्ग नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. या प्रसंगाकडे एका पंथाच्या श्रद्धास्थानाचा दोष म्हणून पाहणे सोपे आहे. पण ते सत्याला सोडून होईल. एरवाडीला येणाऱ्यांत हिंदू कुटुंबेही होती, आणि साखळदंड हे काही एकाच पंथाच्या आवारात सापडतात असे नाही. जेथे आरोग्यकेंद्र पोहोचत नाही, तेथे साखळी पोहोचते, हा एरवाडीचा खरा धडा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आणि शासनाच्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरवला. कायदा झाला, आता त्या हक्काला गावात पत्ता मिळाला पाहिजे.

तो पत्ता कोणता असू शकतो, याची उत्तरे दूर शोधण्याची गरज नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवले. डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पाठदुखी, धडधड, झोप न लागणे, हातापायांना मुंग्या येणे अशा तक्रारी घेऊन जे येतात आणि सलाइन लावून घेऊन परत जातात, त्यांच्यातील नैराश्य आणि चिंता या कार्यकर्त्यांनी ओळखली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील अशा रुग्णांपैकी ६५.९ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. जेथे हे कार्यकर्ते नव्हते, तेथे हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. गावाचे सरकारी केंद्र म्हणजे निरुपयोगी वास्तू, असे मानणाऱ्यांनी या निष्कर्षाचा विचार करावा.

दुसरे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमाने ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या आधारे काम केले. पारावर, बचत गटात, शेताच्या बांधावर मनाच्या आजाराविषयी बोलणे सुरू झाले. ज्यांना गरज होती, त्यांना प्रथम समुपदेशन आणि पुढे तज्ज्ञांचे उपचार मिळाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हा सारा परिणाम एका कार्यक्रमाचाच, असा दावा कुणी करू नये. कर्जाचे ओझे, नापिकी आणि कोसळणारे बाजारभाव यांवर समुपदेशन हा उपाय नव्हे. त्यांचा प्रतिकार धोरणांनीच करावा लागेल. पण दोन अंकी व्याजाने खचलेला शेतकरी कीटकनाशकाच्या डब्याकडे हात नेण्यापूर्वी कुणाशी तरी बोलू शकतो का, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. त्या क्षणी जिल्ह्याचे रुग्णालय साठ किलोमीटरवर असते. शेजारचा प्रशिक्षित माणूस साठ पावलांवर असू शकतो.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. जामखेडला अशिक्षित, अर्धशिक्षित ग्रामीण महिलांनी आरोग्यसेविका होऊन गावांचे आरोग्य पालटले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी झोपडीत जाऊन नवजात बालके वाचवली आणि ती पद्धत पुढे देशाने स्वीकारली. न्यूमोनिया ओळखू शकणारी गावची स्त्री नैराश्य का ओळखू शकणार नाही? बाळंतिणीचे वजन, बाळाचा श्वास पाहण्यासाठी तिची पावले ज्या घराच्या उंबऱ्यावर जातात, त्याच उंबऱ्यावर ‘झोप लागते का, रडू येते का, जीव नकोसा वाटतो का’ हे तीन प्रश्न विचारायला वेगळी इमारत लागत नाही. अर्थात, हजार लोकांमागे एक असलेल्या आशा सेविकेवर आधीच डझनभर नोंदवह्यांचा भार आहे. तिच्या डोक्यावर आणखी एक वही ठेवायची आणि मानधनाचा विषय निघाला की हात आखडता घ्यायचा, हा अन्याय होईल. जे काम राष्ट्राचे म्हणून सांगितले जाते, त्याचा मोबदलाही राष्ट्राने दिला पाहिजे.

येथपर्यंत शासनाचे कर्तव्य झाले. पण प्राथमिक सेवेच्या दृष्टीतील सर्वांत कठीण अंग लोकसहभागाचे आहे आणि तेथे प्रश्न समाजालाच विचारावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास आरंभला. त्यात आग्रा हे एक केंद्र होते. काही वर्षांनी पुन्हा पाहणी केली असता भारत आणि नायजेरियातील रुग्ण प्रगत देशांतील रुग्णांपेक्षा अधिक सुधारल्याचे दिसले. कुटुंबाचा आधार, शेतीत कुवतीनुसार मिळणारे काम, माणसाला टाकून न देणारा समाज ही त्याची कारणे असावीत, असे अनेकांनी मानले. भारतीय कुटुंबव्यवस्थेचे प्रमाणपत्र म्हणून हा अभ्यास नेहमी उद्धृत केला जातो. पुढील काळात काही संशोधकांनी या निष्कर्षाच्या सार्वत्रिकतेवर शंका घेतल्या, हे मात्र सांगितले जात नाही. आणि त्याहून बोचरी एक नोंद आहे. २०२२ मधील आत्महत्यांच्या कारणांची पोलिसांनी केलेली वर्गवारी पाहिली, तर सर्वांत वरचे कारण ‘कौटुंबिक समस्या’ हे आहे : ३१.७ टक्के. ज्या कुटुंबाचा जगाला अभिमानाने दाखला द्यायचा, तेच कुटुंब इतक्या माणसांना जगणे असह्य का वाटू देते?

याचे उत्तर कुटुंबव्यवस्था मोडीत काढणे हे नव्हे. तसे सांगणाऱ्या विचारांनी जगात एकाकी वृद्ध आणि पोरकी मने निर्माण केली आहेत. पण कुटुंबाचा गौरव करून त्याला एकटे सोडणे, हीही प्रतारणाच आहे. ज्या घरात एक स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे, त्या घरातील आईला विचारावे. बारा वर्षे तिने कुणाच्या लग्नाला जाणे सोडलेले असते. धाकट्या मुलीचे लग्न जमेल का, या धास्तीने थोरल्याचा आजार लपवलेला असतो. ‘लग्न केल्यावर सुधारेल’ या सल्ल्याने एखाद्या निरपराध मुलीचे आयुष्य त्या घरात आणून सोडलेले असते. प्रसूतीनंतर उदास झालेल्या सुनेला ‘माहेरची सवय’ म्हणून हिणवलेले असते. पुरुषाने रडायचे नाही, म्हणून त्याने प्यायला आरंभ केलेला असतो. संस्कृती ही समारंभात सांगण्याची वस्तू नाही. ती या उंबऱ्यांच्या आत सिद्ध व्हावी लागते. एकत्र कुटुंब आता चार भिंतींचे उरलेले नाही. मुले पुण्या-मुंबईला, आई-वडील गावाकडे. जो आधार पूर्वी घरातील दहा हातांनी दिला, तो आता आळीने, वस्तीने, गावाने द्यायला हवा. समाज हेच मोठे कुटुंब, हे वाक्य नेमके येथेच खरे किंवा खोटे ठरते.

श्रद्धेचा प्रश्नही याच प्रांजळपणे पाहावा लागेल. गावातील माणूस डॉक्टरकडे जाण्यापूर्वी देवऋषीकडे जातो, भगताकडे जातो, अंगारा लावतो. त्याला हसून काही साधत नाही. २००२ मध्ये ‘निम्हान्स’च्या संशोधकांनी तामिळनाडूतील एका मुत्तुस्वामी मंदिरात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. काही आठवडे तेथे राहून, देवळातील साधी नित्यकर्मे करून, कोणत्याही औषधाविना त्यांच्या लक्षणांत सुमारे एक पंचमांश घट झाल्याचे आढळले. तेथे मारहाण नव्हती, साखळी नव्हती, भीती नव्हती. सोबत एक नातलग होता, दिवसाला क्रम होता आणि माणूस म्हणून स्वीकार होता. या अभ्यासाचा अर्थ ‘देवळात न्या, औषध नको’ असा काढणे घातक ठरेल. इतक्या छोट्या पाहणीतून तसे सिद्धही होत नाही. त्याचा अर्थ असा की, देवस्थानाचा आश्रय आणि दवाखान्याचे औषध हे एकमेकांचे वैरी नाहीत. ज्या देवस्थानाच्या आवारात यात्रेला लाखोंची गर्दी लोटते, तेथे आठवड्यातून एक दिवस मनोविकारतज्ज्ञाला बसण्यासाठी एक खोली का मिळू नये? अन्नछत्र चालवणाऱ्या विश्वस्तांना औषधांचे छत्र चालवणे अवघड नाही. आणि जेथे बाधा उतरवण्याच्या नावाखाली आजारी स्त्रीला चटके दिले जातात, तेथे धर्माभिमान्यांनीच सर्वांत आधी उभे राहिले पाहिजे. कारण तेथे धर्माचीच विटंबना होत असते.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानांत एकात्म मानववादाची मांडणी केली. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा समुच्चय म्हणजे माणूस. यांपैकी एकाचाच विचार करणारी व्यवस्था अपुरी, हे त्या मांडणीचे सार. जी आरोग्यव्यवस्था माणसाच्या शरीराला गावात आणि मनाला दोनशे किलोमीटरवर उपचार देते, ती या कसोटीवर उतरत नाही. अंत्योदयाच्या कसोटीवर तर मुळीच नाही. रांगेतील शेवटच्या माणसाचा विचार करताना गरीब आठवतो, वनवासी आठवतो, भटक्या-विमुक्तांच्या पालावरचे मूल आठवते. पण या सर्वांच्याही मागे, रांगेत उभे राहण्याचेही भान हरपलेला एक माणूस आहे. त्याला मतदार यादीत नाव नसते, तो मोर्चा काढत नाही, त्याचा पक्ष नसतो. शेवटचा माणूस तोच.

म्हणून सेवाक्षेत्रात काम करणाऱ्या संस्था आणि कार्यकर्त्यांवर विशेष दायित्व येते. दुष्काळ, भूकंप, महापूर आला की संघाचे स्वयंसेवक सर्वांत आधी धावून जातात, हे विरोधकही नाकारत नाहीत. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात ढिगारे उपसणारे हात समाजाने पाहिले आहेत. मनाचा ढिगारा मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि तो एका पंधरवड्यात उपसून होत नाही. त्याला दर महिन्याला, वर्षानुवर्षे एका दाराशी जावे लागते. त्यासाठी आवेशापेक्षा सातत्य लागते. वनवासी कल्याण आश्रमाचे आरोग्यरक्षक पाड्यापाड्यांवर ताप, जुलाब, जखमांवरची औषधे घेऊन जातातच. त्यांच्या प्रशिक्षणात मनाच्या आजाराचे दोन दिवस वाढवणे कठीण नाही. ज्या वस्तीत शाखा भरते, महिलांचे भजनी मंडळ चालते, गणेशोत्सव होतो, तेथे रुग्णाच्या आईला महिन्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून कुणी तरी त्याच्यापाशी बसणे, बरा झालेल्या तरुणाला दुकानात, गोठ्यात, कार्यशाळेत काम देणे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मानसिक आजारासाठी मिळणारे प्रमाणपत्र काढून देण्यास मदत करणे, यासाठी निधी लागत नाही, माणसे लागतात.

शासनाकडे मागण्यासारखेही बरेच आहे आणि ते ठामपणे मागितले पाहिजे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत मानसिक आजारांची तपासणी समाविष्ट आहे. ती यादीतून खोलीत उतरली पाहिजे. फ्लुओक्सेटिन, रिस्पेरिडोन यांसारखी स्वस्त औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात बाराही महिने मिळाली पाहिजेत. रक्तदाबाची गोळी संपली तर जशी ओरड होते, तशी याही गोळीसाठी झाली पाहिजे. केंद्रातील डॉक्टरला जिल्ह्याच्या तज्ज्ञाचा सल्ला दूरध्वनीवर नियमित मिळाला पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत असला पाहिजे. आणि जिल्हा कार्यक्रमाचे यश किती शिबिरे झाली यावर नव्हे, तर किती रुग्ण वर्षभरानंतरही उपचारांत टिकून आहेत, यावर मोजले गेले पाहिजे.

अमृतसरच्या त्या तंबूंत डॉ. विद्यासागरांनी जे केले, ते फार गुंतागुंतीचे नव्हते. त्यांनी रुग्णाला त्याच्या माणसांपासून तोडले नाही आणि त्याच्या माणसांना ज्ञानापासून दूर ठेवले नाही. सकलवारा, रायपूर राणी, गोवा आणि अमरावती यांनी तेच पुन्हा पुन्हा सिद्ध केले. वाट ठाऊक आहे, ती या देशातल्याच माणसांनी आखली आहे आणि ती खर्चिकही नाही. उरला आहे तो गावच्या वेशीपासून त्या बंद दारापर्यंतचा टप्पा. तो शासनाच्या गाडीने पार होत नाही. शेजाऱ्याच्या पायांनीच पार होतो. ज्या दिवशी त्या दारावर कुणी तरी संकोच न करता टकटक करील आणि ‘आता कसं वाटतंय?’ असे तापाइतक्याच सहजपणे विचारील, त्या दिवशी वेशीबाहेर राहिलेले मन गावात परत येईल. समाज संघटित करण्याचा संकल्प सोडणाऱ्यांनी त्या दारापर्यंतची पावले मोजून ठेवावीत. कारण जो समाज आपल्या तुटलेल्या माणसाला जोडून घेऊ शकत नाही, त्याच्या संघटनेला अर्थ उरत नाही.